तारे बघायला येताय? उजेड घेऊन या

जेमिनिड्सची, म्हणजे डिसेंबरातल्या उल्कावर्षावाची रात्र या वेळी आमच्या पठारावर काढली. उल्का सोडून बाकी सगळं बघायला मिळालं. तेव्हा जुन्नर तालुक्यात काळोखं आकाश शोधत येणाऱ्या हौशी मंडळींसाठी काही सूचना लिहून ठेवाव्यात म्हटलं. पठाराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या शनिवारी तिथे मिसळ महोत्सव भरेल.

आधी तारीख. पौर्णिमा धरा. कोजागिरी असेल तर दूधही आटवता येतं. चंद्राच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही अशी कुरकूर करणारे लोक अमावस्येला बाहेर पडतात, आणि अमावस्येला चांगल्या घरातली माणसं बाहेर पडत नसतात. माझी आई अजून दारात उभी राहून विचारते, "आज अवस आहे, कुठं निघालास रं?"

पौर्णिमा जमत नसेल तर ऑगस्ट. १२-१३ ऑगस्टला पर्सिड्स हा दुसरा उल्कावर्षाव असतो आणि बातमी दरवर्षी ठरलेली: आज आकाशात दिवाळी, ताशी शंभर उल्का. खुशाल नाणेघाटात या. रेनकोट आणा, छत्री टिकत नाही. धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत, पण उल्का दिसतीलच, पेपरात आलंय म्हणजे. ताशी शंभर हा आकडा कुठल्या आकाशाचा असतो ते विचारू नका. उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून सुटल्यासारख्या वाटतात ती जागा, बरोबर डोक्यावर, चंद्र नाही, ढग नाही, दिवा नाही, चहूकडे मोकळं क्षितिज, अशा आदर्श आकाशाचा तो हिशेब. तो तुमच्या गच्चीला लागू नाही, आणि आता आमच्या पठारालाही नाही.

जागा शोधायला अ‍ॅप पुरे. प्रकाश प्रदूषणाचा नकाशा उघडायचा, काळा ठिपका दिसला की गाडी काढायची. हौशी आकाशनिरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळेपणाची एक ते नऊ अशी पट्टी मांडली. एक म्हणजे अस्सल काळं, नऊ म्हणजे शहराचा मध्य. अ‍ॅप आमच्या भागाला बरा आकडा देतं. नकाशा उपग्रहाच्या जुन्या माहितीवरचा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, दिवाळीत इथे काय उभं राहिलं. शिवाय तो डोक्यावरचं सांगतो, कडेचं नाही. दक्षिणेला चाकणच्या कारखान्यांचा तांबूस उजेड, पश्चिमेला घाटाखाली कल्याण-डोंबिवलीचा. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेचा त्रिशंकू तारकासमूह आमच्याकडून जेमतेम दहा-बारा अंशांवर दिसतो, म्हणजे दिसायचा. आता तिथे चाकण दिसतं. मुंबईकरांच्या पिढ्या वांगणी स्टेशनवर उतरून आकाश शिकल्या, तिथेही बदलापूर येऊन ठेपलंय. आमच्याकडे अजून थोडं उरलंय, म्हणून तर तुम्ही येता.

दुर्बीण विकत घेऊ नका. गिरवलीच्या डोंगरावर आयुका या पुण्याच्या खगोल संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. रात्री अकराला गेटवर जाऊन "पोरांना जरा शनीची कडी दाखवा" म्हणायचं. तिथे संशोधन चाललेलं असतं, पण पोरं लांबून आलीत म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? नाहीच जमलं तर खोडदची रेडिओ दुर्बीण. ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, कुठल्याही एकीला डोळा लावायची जागा विचारा.

स्वेटर आणू नका. डिसेंबरात जुन्नरला थंडी नसते हे आम्ही पर्यटकांकडूनच शिकलो.

मोबाईल हातातच ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती मोडायला स्क्रीनचा एक झोत पुरतो. पण अर्धा तास नुसतं बसून राहायला कोण आलंय? दर पाच मिनिटांनी रील करा, फ्लॅश चालू ठेवा. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावून बसलेला कोणी दिसला तर त्याच्याच तोंडावर झोत टाकून विचारा, "काका, इथे काय दिसतं हो?"

कॅम्पलाच आलात तर सगळी सोय होते. त्या रात्री दोन टेम्पो ट्रॅव्हलर आल्या होत्या. तंबूंवर दिव्यांच्या माळा, एका टोकाला जनरेटर, दुसऱ्या टोकाला स्पीकर, मध्ये बार्बेक्यू. मार्गदर्शक म्हणून एक तरुण होता. त्याने हिरवा लेसर काढून अगदी डोक्यावर रोखला आणि म्हणाला, "हा ध्रुव." आमच्याकडे ध्रुव उत्तरेला, क्षितिजापासून अवघ्या एकोणीस अंशांवर असतो, आपलं अक्षांश तेवढंच म्हणून. डोक्यावर बघायचा असेल तर उत्तर ध्रुवावर जावं लागेल. पण मंडळींनी माना वर करून "वॉव" म्हटलं. जेमिनिड्स खरा जोर धरतात ते मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमाराला, पुनर्वसू, म्हणजे मिथुन राशीतली तारकांची जोडी, डोक्यावर येतो तेव्हा. कॅम्पचा कार्यक्रम बाराला आटोपला आणि मंडळी माळा चालू ठेवून झोपली.

बिबट्याची काळजी नको. तुमचा स्पीकर ऐकून तोच तालुका सोडतो.

आता दिव्याचं. एखादं काळं पठार सापडलंच तर पहिलं काम, तिथे हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, बसवून घ्या. अवघड नाही. पठार म्हटलं की देऊळ आलंच, देऊळ म्हटलं की वर्षातून एकदा यात्रा आली. त्या एका रात्रीची सोय म्हणून बारा महिने तेरा काळ दिवा नको का? निवेदन द्यायचं. निवडणूक जवळ आली असेल तर तेही लागत नाही, उमेदवार स्वतःच विचारतात, "आणखी काय पाहिजे गावाला?" आमच्याकडे फलक आधी आला, खांब मागाहून. फलकावर पाच हसरे फोटो आणि "यांच्या विशेष प्रयत्नातून". संध्याकाळी लोकार्पण. हार, फेटे, नारळ, बटण, टाळ्या. लग्नाच्या मांडवासारखं पठार उजळलं.

मी जवळ जाऊन बघितलं. वर लोखंडी कडं, कड्याला आठ दिवे, आणि आठांच्याही माना वर. जमिनीकडे बघणारा एक नाही. खांबाच्या बुडाशी चपला शोधायला मला बॅटरी लावावी लागली, पण समोरच्या डोंगराची कडा लख्ख! उजेड पांढराफटक. जुना सोडियमचा दिवा पिवळा होता, त्याचा उपद्रव तरी बेताचा होता. या पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. म्हणजे रात्रीही आकाश निळं करून द्यायचं काम आम्ही सरकारी निधीतून केलंय. गेल्या हिवाळ्यापर्यंत कृत्तिकांचे सहा-सात तारे सुटे मोजता यायचे, तिथे आता एक पुसट डाग. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे शेजारच्या आकाशगंगेचा प्रकाश २५ लाख वर्षं चालत इथवर येतो आणि शेवटच्या बारा मीटरवर आमच्या हायमास्टपुढे हात टेकतो.

बरं, तक्रार केली नाही असं नाही. विचारलं, रात्री अकरानंतर बंद ठेवता येईल का? "बटण नाही त्याला." अहो, लोकार्पणाला दाबलं ते? "ते तेवढ्यापुरतं होतं." टायमर? "इस्टिमेटमध्ये नव्हता." मग निदान दिव्यांची तोंडं तरी खाली करा. "वर चढणार कोण?" खांबाला कडं खाली उतरवायची सोय असते, तीही दाखवली. तेव्हा शेवटचं उत्तर मिळालं, "सर, उजेड नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. बिबट्या आला म्हणजे?"

आता मात्र थट्टा पुरे.

बिबट्या काय देवळाचा कळस बघायला पठारावर येतो? तो उसात असतो. ऊस संपतो तिथे वस्ती असते, वस्तीवर गोठा असतो, अंगणात पोरं खेळत असतात. आणि त्या वस्तीच्या खांबावरचा दिवा पावसाळ्यापासून बंद आहे! अर्जावर पोच मिळाली, दिवा मिळाला नाही. रात्रीची लाइट असली की पाणी धरायला जाणारा माणूस गळ्यात बॅटरी अडकवून, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून उसाच्या कडेने जातो, बिबट्याला चाहूल लागावी म्हणून. त्याच्या वाटेवर एक दिवा लावला असता तर मी आकाशाचं नावसुद्धा काढलं नसतं. तिथे नाही लावला. जिथे रात्री चिटपाखरू नसतं तिथे आठ लावले, कारण पठारावरचा दिवा रस्त्यावरून दिसतो आणि वस्तीवरचा दिसत नाही.

उजेड नको असं कोण म्हणतंय? पाय पडतो तिथे पाडा. पेंचला तर वाघ आहेत, बिबटेही आहेत. तिथल्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली. अंधारात नाही ठेवलं कोणाला. जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं. लडाखमध्ये हानलेला गावातल्याच मुलामुलींच्या हाती दुर्बिणी दिल्या, लोक आकाश बघायला येतात आणि पैसे गावात राहतात. आमच्याकडे दोन मोठ्या दुर्बिणी जवळ असून पोरांना ध्रुव कुठे ते कॅम्पवाला सांगतो, आणि तोही चुकीचा!

आणि तुम्ही, पाहुणे मंडळी. शहरात तारे दिसत नाहीत म्हणून इथे येता आणि शहरातले दिवे टेम्पोत भरून आणता. अंधाराची भीती वाटते? वाटू दे, त्यात लाज नाही. मग घरी थांबा. यायचंच असेल तर माळा काढा, जनरेटर बंद करा, गाडीचे हेडलाइट विझवा आणि अर्धा तास तोंड मिटून बसा. जमत नसेल तर पैसे कॅम्पवाल्याकडून परत मागा, आमच्या पठारावर राग काढू नका.

गाववाल्यांना वेगळं सांगायचंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहून ठेवलाय. हायमास्टची तोंडं खाली, अकरानंतर दिवा बंद, आणि त्याच्याही आधी वस्तीवरचा दिवा चालू. टायमरला लोकार्पणाच्या हारांइतकाही खर्च येणार नाही. मागच्या सभेला कोरम भरला नाही म्हणून ती तहकूब झाली, लोकार्पणाला मात्र तीन पंगती उठल्या. या वेळी जेवण नाही. तरी या.