‘अँटिबॉडी उतरल्या, संरक्षण संपले’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

प्रतिकारशक्तीविषयीचा एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: प्रतिकारशक्ती ही शरीरातील एक टाकी आहे आणि अँटिबॉडी हा तिच्यातील साठा; रक्त तपासून तो मोजता येतो आणि तो उतरला की संरक्षण संपते; प्रत्येक लस त्यातला काही भाग खर्च करते, तर आजार अंगावर काढल्याने तो भरतो; म्हणून शक्ती वाढवावी तितकी थोडीच. यातील एका विधानात सत्याचा अंश आहे, त्यामुळे मजकूर सरसकट झटकून टाकण्यापेक्षा एकेक विधान तपासलेले बरे.

पहिले गृहीत असे की, अँटिबॉडी म्हणजेच प्रतिकारशक्ती. अँटिबॉडी ही बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींनी रक्तात सोडलेली प्रथिने होत. ती विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाहीत, जीवाणूंच्या विषाला निष्प्रभ करतात आणि जंतूवर बसून तो भक्षकपेशींच्या नजरेस आणून देतात. मात्र हे काम बहुतांशी पेशींच्या बाहेर चालते. विषाणू एकदा पेशीच्या आत गेला की तो अँटिबॉडीच्या आवाक्यात फारसा राहत नाही आणि तेथून टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे काम सुरू होते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे पृष्ठभागावर मांडत असते. टी-पेशी ते चाचपतात आणि परका तुकडा आढळल्यास त्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडून आत अशी विकरे (एन्झाइम) सोडतात की पेशी स्वतःच मरून जाते. ही ओळख नेमकी कशी पटते हे दाखवल्याबद्दल पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन्हींच्याही आधी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी पूर्वओळखीशिवाय कामाला लागलेल्या असतात. पहिल्यांदाच भेटलेल्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात दिसायला साधारण आठवडा तरी जातो. तोवरचा भार याच पेशी वाहतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा अँटिबॉडी नसलेल्या माणसांकडून मिळतो. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाचे रक्त तपासले, तेव्हा अँटिबॉडी ज्यात असतात तो गॅमा ग्लोब्युलिनचा भाग त्यात जवळपास नव्हताच. अशा मुलांना न्यूमोनियासारखे जीवाणूंचे आजार पुन्हा पुन्हा होत. पण गोवर किंवा कांजिण्यांतून ती सहसा इतर मुलांसारखीच बरी होत असल्याचे आढळले. पोलिओच्या कुळातील विषाणू मात्र त्यांना फार त्रास देतात. म्हणजे अँटिबॉडी अत्यावश्यक आहेत, पण त्या एकट्याच सर्व काही नाहीत. मजकुराने त्यांनाच सर्वस्व मानण्याचे कारण मला तरी साधे दिसते: अँटिबॉडी थोड्याशा रक्तात सहज मोजता येतात, विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या टी-पेशी मोजायला मात्र जिवंत पेशी आणि बरीच खटपट लागते. जे अहवालात छापून येते तेच महत्त्वाचे वाटू लागते.

दुसरे विधान सर्वाधिक पसरलेले आहे: आकडा उतरला की संरक्षण गेले. रक्तातील मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीचे प्रमाण नवी भर न पडल्यास सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते. प्रतिकारशक्ती खरोखरच साठा असती, तर वर्षभरात त्याचा लाखावा हिस्साही उरला नसता. प्रत्यक्षात काय घडते हे १८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर दिसून आले. तेथे गोवराची साथ आली, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांनी घरोघरी नोंदी केल्या. याआधीची साथ १७८१ सालची होती आणि मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हता. तरीही ६५ वर्षांपूर्वी गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे पानुम यांना आढळले नाही. याचा उलगडा पुढे झाला तो असा की, काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकतात आणि अँटिबॉडी सतत नव्याने तयार करीत राहतात.

आजारानंतरच्या काही महिन्यांत आकडा उतरतो, हे खरेच आहे. पहिल्या धामधुमीत तयार झालेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी अल्पायुषी असतात आणि त्या मरणे हेच अपेक्षित असते. त्याच वेळी लसिका ग्रंथींमध्ये एक वेगळीच निवड चालू असते. तेथे बी-पेशी भराभर विभागतात आणि त्यांच्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल होत राहतात. ज्या पेशीची अँटिबॉडी जंतूला अधिक घट्ट धरते तिला टी-पेशींचे साहाय्य मिळून ती जगते, बाकीच्या मरतात. आठवड्यांमागून आठवडे हे चालल्यावर उरतात त्या पेशी थोड्या, पण कितीतरी अधिक अचूक असतात, आणि त्यांतील काही स्मृतिपेशी होऊन शांतपणे थांबून राहतात. हिपॅटायटिस बीच्या लसीनंतर अनेकांच्या अँटिबॉडी काही वर्षांत ठरलेल्या पातळीखाली जातात, तरी संरक्षण बहुधा टिकते, कारण या विषाणूला आजार घडवायला आठवडे-महिने लागतात आणि तेवढ्या वेळात स्मृतिपेशी पुन्हा अँटिबॉडी उभ्या करतात.

सत्याचा अंश आहे तो येथे. धनुर्वाताचे विष स्मृतिपेशींना इतकी सवड देत नाही, म्हणून त्याच्या अँटिबॉडी रक्तात आधीच असाव्या लागतात आणि लसीची मात्रा ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते. इन्फ्लुएंझासारख्या झटपट वाढणाऱ्या आणि रूप बदलणाऱ्या विषाणूंबाबतही अँटिबॉडी उतरल्यावर संसर्गाची शक्यता वाढते. तरीही टी-पेशी आणि स्मृतिपेशींमुळे आजार गंभीर होण्यापासून बरेचसे संरक्षण राहते. आकडा एकच, पण त्याचा अर्थ जंतूनुसार बदलतो.

लस साठा खर्च करते, या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. लसीतील प्रतिजन (जंतूची ओळख पटवणारा भाग) ओळखणाऱ्या मूठभर पेशी लसीनंतर वाढतात, खर्च होत नाहीत. अस्थिमज्जा तर रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल नव्याने तयार करते. त्याला जोडून येणारे विधान, म्हणजे आजार अंगावर काढल्याने शक्ती भरते, अधिक धोकादायक आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच संसर्ग करून मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींचे वैविध्य ११ ते ७३ टक्क्यांनी घटले होते. लस घेतलेल्या मुलांत अशी घट आढळली नाही. धनुर्वाताची गोष्ट तर याहून वेगळी आहे: त्याचे विष इतके तीव्र असते की आजार घडवण्यास पुरेशी मात्राही प्रतिकारयंत्रणेला जागे करण्यास अपुरी पडते, त्यामुळे त्यातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते.

राहिले शेवटचे विधान: शक्ती जितकी जास्त तितकी चांगली. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाचे, टी-पेशींना थेट चेतवणारे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आले. मात्रा प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५०० पटींनी कमी होती. दीड तासाच्या आत सर्वांना डोकेदुखी, थंडी आणि ताप सुरू झाला, आणि पाठोपाठ अनेक अवयव निकामी होऊ लागल्याने सहाही जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ते वाचले, परंतु त्यांच्या शरीरात कोणताही जंतू नव्हता. जे झाले ते त्यांच्याच पेशींनी केले. २०२० साली कोविडच्या रुग्णांवरील ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले, ते डेक्सामेथासोन या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या औषधाने. ॲलर्जी, संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आणि टाइप १ मधुमेह यांतही प्रतिसाद कमी पडलेला नसतो, तो भलतीकडे वळलेला असतो.

शरीराने या आवरासाठी स्वतंत्र पेशी राखल्या आहेत. या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. फॉक्सपी३ या जनुकातील दोषामुळे ज्या मुलग्यांत या पेशी नीट तयार होत नाहीत, त्यांची आतडी, त्वचा आणि स्वादुपिंड यांच्यावर त्यांचीच प्रतिकारयंत्रणा अनेकदा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच तुटून पडते. त्यांच्यावरील उपचार म्हणजे ती यंत्रणा आधी औषधांनी दाबून धरणे आणि शक्य झाल्यास दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतील पेशींचे रोपण करून त्यांना आवर घालणाऱ्या पेशी मिळवून देणे.