मेलेल्या माशांवरून: ‘खोडवा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कृष्णेत तरंगणाऱ्या मेलेल्या माशांवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर ‘खोडवा’ या टोपणनावाचे एक वाचक चांगलेच तापलेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मासे मेले की साखर कारखान्याकडं बोट दाखवायची सांगलीतल्या लोकांना खोडच आहे, शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरी नाल्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्यांचे आजोबा ओंजळीनं नदीचं पाणी प्यायचे आणि नव्वदी ओलांडून गेले. आणि उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, जाळू नका म्हणणाऱ्यानं एकदा फडात उतरून ते हातानं ओढून दाखवावं. उत्तर तिथंच लिहायला बसलो होतो, ते लांबत गेलं.

दादा, आधी चूक कबूल करतो. तुम्ही दाखवलेली नव्हे, दुसरीच. मी ‘विषारी पाण्यानं मासे मेले’ असं लिहून मोकळा झालो. विष म्हटलं की ते कालवणारा एक हात शोधावा लागतो, आणि मी तो शोधला. पण त्या पहाटे आयर्विन पुलाजवळ जे बघितलं ते वेगळंच होतं. रोहू आणि कटला काठाशी येऊन, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होते. शेजारीच एक मरळ वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि निवांत खाली जायचा. मरळाला वरची हवा घेता येते, रोहूला नाही. म्हणजे मासे गुदमरत होते. हे तिथल्या मासे धरणाऱ्याला एका नजरेत कळलं. मला घरी येऊन चार गोष्टी वाचल्यावर कळलं.

नदीच्या पाण्यात प्राणवायू असतो तोच मुळात चिमूटभर. तीस अंशाच्या आसपास तापलेल्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम, त्याहून जास्त मावतच नाही. चारच्या खाली गेला की माशांचे हाल सुरू. आता त्यात सांडपाणी पडलं, साखर करताना उरणाऱ्या मळीचं पाणी पडलं, की ते कुजवणारे जिवाणू हाच प्राणवायू खातात. शिवाय आपल्या शेतातून वाहून आलेल्या युरियावर शेवाळ पोसतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. त्यामुळं पहाट ही नदीची सगळ्यात वाईट वेळ. त्यातून उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी हलत नाही, वरून नवी हवा मिसळत नाही.

मग दोष कुणाचा? कारखान्याला मी सोडणार नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर काळं पाणी मागं उरतं, आणि घरगुती सांडपाण्यापेक्षा ते शेकडो पटींनी जास्त प्राणवायू खाऊ शकतं. म्हणून तर नियमानं त्यातला थेंबही नदीत सोडायचा नाही. पण नाल्याबाबत तुमचं खरं आहे. माझ्या संडासाचं पाणी कुठं जातं हे मी त्या लेखात लिहिलं नव्हतं, कारण मला ते लिहायचं नव्हतं. शहराचा नाला बारा महिने, चोवीस तास वाहतो. त्याची बातमी होत नाही कारण तो रोजचाच आहे. नदीचा प्राणवायू त्यानं आधीच पाचावर आणून ठेवलेला असतो, मग वरून थोडंसं काही आलं तरी कडेलोट होतो. शेवटचा धक्का कुणाचा यावर आपण भांडतो, आणि तेवढ्यात बाकीचे सगळे सुटतात. मीही सुटलो होतो.

आजोबांचं म्हणाल तर माझेही नदीचंच प्यायचे. पण त्यांच्या वेळी काठावरच्या गावांना संडास-गटारं नव्हती, शेतात युरिया नव्हता, डिस्टिलरी नव्हती. आणि पटकीनं घरंच्या घरं बसायची, तेही त्याच आजोबांनी सांगितलेलं. नव्वदी गाठलेले तेवढे आपल्या आठवणीत राहतात.

‘नळाला शुद्ध करूनच येतं की’ असंही तुम्ही लिहिलंय. येतं, पण नदीतून उचललेल्या पाण्यात अमोनिया आणि घाण जास्त असली की क्लोरीन त्यांच्यातच खर्ची पडतो. नळाच्या तोंडाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, आणि शेवटच्या गल्लीत नेमका तोच उरत नाही. त्यात पाणी तासभरच येतं. बाकी वेळ पाइप रिकामा आणि गळक्या जोडातून गटार आत. गॅस्ट्रो आणि कावीळ येते ती या वाटेनं. त्यातली ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. पाणी उकळून प्या, एवढं तरी करता येतं. मळ्यातल्या बोअरच्या पाण्यात खताचा नायट्रेट उतरला असेल तर तेही कामाचं नाही. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेला की तान्ह्या बाळाला धोका, आणि उकळून तो आटत जाणाऱ्या पाण्यात उलट दाट होतो.

पाचटावर वाद घालत नाही. मी ओढलेलं नाही, कबूल. पान हाताला कापतं, खाली काय दडलंय ते दिसत नाही, मजूर मिळत नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं हे मात्र विसरू नका. ते पेटवता तेव्हा त्यातलं नत्र धुरात जातं, आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर घेतलेल्या पिकाला, तेच पुन्हा पोत्यातून विकत आणता. (तुमचं टोपणनाव पाहून हे लिहायचा मोह आवरला नाही.)

आयर्विन पुलाला पुराचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोर सांगेल. प्राणवायूचा धोका चारला, हे मलाही पन्नाशीत कळलं. म्हणून मी मोजायचं किट मागवलंय. बाटली पाण्याखालीच भरावी लागते, आत बुडबुडा राहिला की आकडा चुकतो. एकानं बाटली धरायची, दुसऱ्यानं बॅटरी, कारण मोजायचं ते उजाडायच्या आधी. पहिल्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी मोजू, दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणाल त्या ओढ्याच्या. पहाटे पाचला घाटावर या. चहा माझ्याकडं.