माळ्यावरची पाकिटं
लेखात कापसाची बोंडं पोखरणाऱ्या शेंदरी बोंडअळीचं सगळं खापर बीटी बियाण्यावर, म्हणजे झाडातच अळीमारं विष तयार करणाऱ्या बियाण्यावर, फोडलंय. अळी विष पचवायला शिकली त्यात आपलाही हात आहे राव. आम्ही शिरोळकडचे ऊसवाले, पण मेव्हण्याचा कापूस यवतमाळला. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम साधी, बिनविषाची कपाशी यायची, कडेनं लावायला. तिच्यावरच्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्यांशी जुळावेत, म्हणजे पुढची पिढी विषाला बळी पडते, म्हणून. मेव्हण्याच्या माळ्यावर तसली सात पाकिटं धूळ खात होती! त्यात पाणी आहे म्हणून फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही राखलेला जुना कापूस, मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीची खानावळ चालूच. आणि आमच्या मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी? तिनं पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर 2006 लाच बीटी मका पचवलाय. इथं तो आणा म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.