न्यायमूर्ती वेअरिंग: दोन आक्षेपांना उत्तर

महोदय,

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील संघीय न्यायाधीश ज्युलियस वेटीज वेअरिंग यांच्यावरील माझ्या लेखाबाबत आपण दोन आक्षेप घेतले आहेत. घटस्फोटानंतर त्यांच्या चार्ल्स्टन शहरातील गोऱ्या समाजाने वाळीत टाकले म्हणून त्यांनी निकालांतून सूड उगवला, हा पहिला. आणि ब्रिग्ज खटल्यात, म्हणजे कृष्णवर्णीय पालकांनी शाळांबाबत केलेल्या दाव्यात, वादींच्या वकिलाला सल्ला देऊन त्यांनी निःपक्षपातीपणा सोडला, हा दुसरा.

पहिला आक्षेप सनावळीपुढे टिकत नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना १९४२ मध्ये नेमले. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार देण्याविषयीचा त्यांचा आदेश १९४४ चा आहे आणि घटस्फोट १९४५ चा. (त्या राज्यात तेव्हा घटस्फोटाची कायदेशीर सोयच नव्हती, यावरून समाजाच्या रोषाची कल्पना यावी.) त्यांना खरा हादरा बसला तो १९४६ मध्ये, असे माझे मत आहे. आयझॅक वुडार्ड या कृष्णवर्णीय सैनिकाला, लष्करातून मुक्त झाला त्याच रात्री, अंगावर गणवेश असताना त्याच राज्यातील बेट्सबर्ग गावच्या पोलीस प्रमुखाने मारहाण करून कायमचे आंधळे केले. वेअरिंग यांच्यासमोर खटला चालला आणि सगळेच सदस्य गोरे असलेल्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत आरोपीला निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी वेअरिंग यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या, उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुका कृष्णवर्णीयांना खुल्या केल्या.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. ब्रिग्ज खटला जिथला, त्या क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांना शाळेच्या बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांना एकही नव्हती, आणि मूळ दावा सुविधा समान करण्यापुरता होता. शालेय विभक्ततेलाच, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्यालाच, थेट आव्हान द्यावे, असे वेअरिंग यांनी १९५० मध्ये वादींचे वकील थर्गुड मार्शल यांना सुचवले. न्यायाधीशाने एका पक्षाच्या वकिलाला असा मार्ग दाखवणे मलाही संकेताला धरून वाटत नाही. परंतु त्यातून त्यांच्या पदरात काय पडले, तेही पाहायला हवे. मूळ दावा त्यांनी एकट्यानेच निकालात काढला असता. राज्याच्या कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान देताच, तेव्हाच्या नियमानुसार, तो तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. उरलेल्या दोघांची मते त्यांना ठाऊक होती, म्हणजे आपण अल्पमतात राहणार हे जाणूनच त्यांनी निर्णयाचा अधिकार हातचा जाऊ दिला. अशा पीठाच्या निकालावरचे अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे, एवढेच त्यांना साधायचे होते. पक्षपात करणारा न्यायाधीश निकाल आपल्या हातात ठेवतो.

१९५१ च्या सुनावणीत सुविधा असमान असल्याचे प्रतिवादींच्या वकिलाने सुरुवातीलाच कबूल केले आणि बहुमताने त्या समान करण्याचा आदेश देऊन विभक्तता मात्र कायम ठेवली. मूळ दाव्यातून जास्तीत जास्त मिळाले असते ते एवढेच. विभक्तता हीच विषमता आहे, हे वेअरिंग यांचे भिन्नमत नोंदले गेले, ब्रिग्ज हा शालेय विभक्ततेविरुद्धच्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र केलेल्या दाव्यांपैकी एक ठरला, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने तोच निष्कर्ष काढला.