हाकलल्यावरचा पगार

११ नोव्हेंबर २०२३. कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं धुतलं. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने आपल्या कोचला, जिम्बो फिशरला, घरी पाठवलं. नुसतं पाठवलं नाही, पाठवण्याचे सुमारे ७.६८ कोटी डॉलर कबूल केले. त्यातले २५ टक्के, म्हणजे १.९२ कोटी, ६० दिवसांत. उरलेले वर्षाला ७२ लाख, २०३१ पर्यंत. म्हणजे आजही, तुम्ही हे वाचताय तेव्हा, फिशरचा हप्ता चालू आहे.

(फुटबॉल म्हणजे इथे तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला अमेरिकन खेळ. आणि कोच म्हणजे कॉलेज संघाचा, व्यावसायिक क्लबचा नाही.)

असे आकडे आले की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते: प्रोफेसराला एवढा पगार नाही आणि खेळाच्या मास्तराला एवढा? रास्त आहे, पण नेम चुकतोय. वार्षिक पगाराचा आकडा हा या करारातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. खरी मेख पुढे दोन-तीन वाक्यांत असते, आणि ती वाक्यं बातमीत येत नाहीत.

आधी पगाराची फोड बघू. अलाबामाचा कोच कॅलेन डिबोअर याला २०२४ च्या करारात वर्षाला कोटीभर डॉलर ठरले, पण त्यातला ‘मूळ पगार’ तीन लाख डॉलरच्या आसपासच होता. बाकी सगळं ‘टॅलेंट फी’ या नावाखाली. म्हणजे टीव्ही-रेडिओवरचे साप्ताहिक कार्यक्रम, प्रायोजकांच्या जाहिराती, देणगीदारांसमोरची भाषणं, कोचच्या नावाचा-चेहऱ्याचा वापर. कागदावर हे कोचिंगचे पैसेच नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत या दुसऱ्या भागाचा भार देणगीदारांच्या फाउंडेशनवर असतो, जी कायद्याने वेगळी संस्था असते. त्यामुळे ‘करदात्याचा एक पैसाही यात नाही’ असं छातीठोक सांगता येतं. मिसिसिपीत तर राज्याचा नियमच असा की सरकारी विद्यापीठाला कोचशी चार वर्षांपेक्षा लांब करार करता येत नाही. म्हणून ओल मिस (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ) आणि मिसिसिपी स्टेट दरवर्षी एकेक वर्ष वाढवत करार ताजा ठेवतात.

त्यानंतर येतो ‘रिटेन्शन बोनस’, अमुक तारखेला तू नोकरीवर असलास तर एवढे लाख. याला लोक निष्ठेचं बक्षीस समजतात. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कराचं गणित आहे. सरकारी आणि ना-नफा संस्थांच्या कर्मचाऱ्यांना पुढे ढकललेल्या पैशावर अमेरिकेत वेगळा नियम लागतो: ज्या वर्षी तो पैसा ‘पक्का’ झाला, बुडण्याची शक्यता संपली, त्या वर्षी कर. हातात दहा वर्षांनी येणार असला तरी. म्हणून पैसा कधी पक्का होतो ती तारीख करारात फार जपून घातलेली असते. या कलमाचा मसुदा ढिसाळ असेल तर न मिळालेल्या पैशावर आजच कर भरायची पाळी येते.

विम्याची वाट याहून गमतीची. २०१६ मध्ये मिशिगनने आपला कोच जिम हार्बॉ याला वर्षाला २० लाख डॉलरचं कर्ज द्यायला सुरुवात केली, कशासाठी तर आयुर्विम्याचा हप्ता भरायला. ‘स्प्लिट डॉलर’ म्हणतात त्याला. पॉलिसीत रोख मूल्य साठत जातं, कोच त्यावर उचल घेऊ शकतो, आणि कोच गेल्यावर विद्यापीठाचे हप्त्यांचे पैसे आधी परत, उरलेलं वारसांना. विद्यापीठाच्या वहीत हा खर्च नव्हे, येणं दिसतं. बुद्धीला दाद द्यावी असा प्रकार आहे. पेन स्टेटनेही २०२१ मध्ये आपला कोच जेम्स फ्रँकलिन याला असंच दिलं: ७० लाख पगार, ५ लाख रिटेन्शन, १० लाख विम्याचं कर्ज. वर्तमानपत्रात येताना ८५ लाख.

आता बोनस. कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट) जिंकलं की एवढे, प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी) गाठलं की एवढे, खेळाडूंचे पास होण्याचे आकडे चांगले आले की थोडे. बहुतेक करारांत पायऱ्यांची बेरीज होत नाही, सगळ्यात वरची पायरी गाठली तिचेच पैसे मिळतात. ब्रायन केलीला एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) नुसतं बोलसाठी, म्हणजे मोसमाअखेरच्या खास सामन्यासाठी, पात्र ठरण्याचे ५ लाख डॉलर होते. बोलसाठी पात्र म्हणजे मोसमातल्या बारापैकी सहा सामने जिंकणं. एलएसयूच्या कोचला सहा सामने जिंकल्याचं बक्षीस देणं म्हणजे हलवायाला साखर ओळखल्याबद्दल शाल-श्रीफळ.

खराखुरा कामगिरीवर बेतलेला करार एकच आठवतो, पुन्हा हार्बॉचाच. २०२० चा मोसम बुडाल्यावर मिशिगनने त्याचा पगार ८० लाखांवरून जवळजवळ ४० लाखांवर आणला आणि उरलेलं बोनसमध्ये घातलं: डिव्हिजनचे (कॉन्फरन्समधल्या विभागाचे) ५ लाख, बिग टेन ही कॉन्फरन्स जिंकण्याचे १० लाख, प्लेऑफचे ५ लाख, राष्ट्रीय विजेतेपदाचे १० लाख. २०२१ मध्ये पठ्ठ्याने पहिल्या तिन्ही पायऱ्या चढल्या आणि बोनस कोविडमध्ये पगार कापलेल्या कर्मचाऱ्यांना देऊन टाकला. मग काय झालं? फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा करार, पाच वर्षं, ३.६७ कोटी, आणि पगार पुन्हा ७० लाखांच्या वर. कामगिरीवर पैसे हे तत्त्व कामगिरी होईपर्यंतच टिकलं.

मुद्दा हा की बोनस लाखांत असतो आणि हाकलल्याचे पैसे कोटींत. मग प्रोत्साहन कशाला म्हणायचं?

या हाकलल्याच्या पैशाला बायआउट म्हणतात. त्याचं कलम वाचताना तीनच गोष्टी बघायच्या. पहिली, उरलेल्या पगाराच्या किती टक्के. फिशरचा करार १०० टक्के हमीचा होता, केलीचा ९०. केंटकीच्या मार्क स्टूप्सचा ७५ टक्के. पण त्याच्या करारात सात सामने जिंकले की एक वर्ष आपोआप वाढ, दहा जिंकले की दोन. बायआउटचा पाया म्हणजे उरलेली वर्षं. त्यामुळे ठीकठाक मोसमही हाकलण्याची किंमत वाढवून ठेवतो, कुणी सही न करता.

दुसरी गोष्ट, पैसे कधी. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि हीच मारते. स्टूप्सचे सुमारे ३.८ कोटी ६० दिवसांत एकरकमी द्यायचे होते. वर्षानुवर्षं हे एक वाक्य त्याच्या खुर्चीखालचा खुंटा होतं. डिसेंबर २०२५ मध्ये काढलं तेव्हा त्यानेच हप्ते मान्य केले म्हणून निभावलं. नेब्रास्काचं उदाहरण याच्या उलट. स्कॉट फ्रॉस्टचा बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला १.५ कोटींवरून थेट ७५ लाखांवर येणार होता. जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर विद्यापीठाने ११ सप्टेंबरला त्याला काढलं. वीस दिवस कळ काढली असती तर ७५ लाख डॉलर वाचले असते. संतापाचा दिवसाचा दर पावणेचार लाख डॉलर.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: काढल्यावर कोचने दुसरी नोकरी शोधायची का, आणि तिथला पगार यातून वजा होणार का. पहिल्याला मिटिगेशन म्हणतात, दुसऱ्याला ऑफसेट. फिशरच्या करारात दोन्ही नव्हतं. ऑबर्नने डिसेंबर २०२० मध्ये गस मलझानला काढलं तेव्हाही नव्हतं: २.१४५ कोटी, निम्मे ३० दिवसांत, आणि फेब्रुवारीत तो यूसीएफचा (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा) कोच झाला तरी ऑबर्नचे हप्ते पूर्ण चालू.

ऑफसेट असलं तरी पळवाट आहेच. टेनेसीने २०१७ मध्ये बुच जोन्सला काढलं, देणं ८० लाखांवर. त्यात नव्या पगाराची वजावट होती. जोन्स अलाबामात विश्लेषक म्हणून रुजू झाला, वर्षाला ३५ हजार डॉलरवर. साधं गणित आहे: अलाबामाने पाच लाख दिले असते तर टेनेसीचे तेवढे वाचले असते, जोन्सच्या खिशात एक दमडीही जास्त आली नसती. म्हणजे अनुभवी हेड कोच प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर वापरायला मिळाला. म्हणून चांगला वकील आता तिथे लिहून घेतो की नवा पगार बाजारभावाचाच धरला जाईल, प्रत्यक्षात कितीही असो.

आणि ‘नोकरी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न’ म्हणजे काय, यावर भांडण ठरलेलंच. कोच ब्रेट बिएलेमा आर्कान्सातून निघाल्यावर न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक क्लबकडे कमी पगारावर गेला. पैसे देणारं आर्कान्साचं फाउंडेशन म्हणालं, तू हेड कोचची नोकरी शोधलीच नाहीस, आणि पैसे थांबवले. तो कोर्टात गेला, फाउंडेशननेही उलट दावा ठोकला, शेवटी २०२१ मध्ये तडजोड.

मिटिगेशनची ताकद बघायची तर फ्रँकलिन. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने काढला, डोक्यावर ४.९ कोटी. महिन्याभरात व्हर्जिनिया टेकने त्याला घेतलं आणि ४.९ कोटींचा विषय ९० लाखांत मिटला. एका कलमाने चार कोटी वाचवले. फ्रँकलिनला काढल्यावर दोन आठवड्यांनी एलएसयूने केलीला काढलं, सुमारे ५.४ कोटींचं देणं. विद्यापीठाने एकरकमी कमी पैशांत मिटवायला बघितलं, तो बधला नाही, प्रकरण कोर्टात गेलं, आणि एलएसयूची बाजू काय? तर आम्ही तुला रीतसर काढलेलंच नाही! सगळ्या देशाने बातमी वाचलेली. शेवटी विनाकारण काढल्याचं लेखी कबूल करावं लागलं.

‘कारणासह’ काढलं तर एक पैसाही द्यावा लागत नाही. मिशिगन स्टेटच्या मेल टकरचे सुमारे ८ कोटी २०२३ मध्ये असेच गेले, आणि तोही कोर्टात गेलाच. म्हणून एजंट पगारापेक्षा या व्याख्येवर जास्त घासाघीस करतात: नुसता आरोप पुरेसा, की चौकशीत सिद्ध व्हायला हवा? सहायकाने केलेल्या नियमभंगाला हेड कोच जबाबदार, की त्याला माहीत होतं हे दाखवावं लागेल? दुरुस्तीची मुदत किती दिवसांची? सामने हरणं हे मात्र कधीच ‘कारण’ नसतं. ते कलम कुठलाही एजंट मंजूर करणार नाही.

उलट दिशेचा बायआउटही असतो, कोच स्वतः सोडून गेला तर. तो जवळजवळ नेहमीच कितीतरी लहान, आणि भरतो नवा मालक. डिबोअर गेला तेव्हा वॉशिंग्टनला १.२ कोटी मिळाले. क्लेम्सनने डॅबो स्विनीच्या करारात खास लिहून ठेवलं की अलाबामाला गेलास तर दीडपट. त्याचं शिक्षण अलाबामाचं, भीती रास्तच. या रकमेला करारात कधीही ‘दंड’ म्हणत नाहीत. दंड म्हटला की कोर्ट उडवून लावू शकतं. म्हणून ‘आधीच ठरवलेली नुकसानभरपाई’ असा शब्द असतो, आणि नवा कोच शोधण्याचा खर्च, देणग्यांवरचा परिणाम वगैरे कारणं सोबत जोडलेली असतात.

हे असं का होतं? कोच लोभी म्हणून? छे. समोर पेन ठेवलं तर सही कोण नाही करणार? दोष टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा. डिसेंबरात नव्या खेळाडूंच्या सह्यांची खिडकी उघडते, ट्रान्स्फर पोर्टल (खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची सोय) तोंडावर असतं, आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे खेळ विभागाच्या प्रमुखाला, चार दिवसांत नाव जाहीर करायचं असतं. आधी दोन पानी टिपण, पूर्ण करार नंतर काही महिन्यांनी. पण टक्केवारी आणि हमी त्या दोन पानांतच अडकलेली असते. समोर जिमी सेक्स्टनसारखा एजंट, ज्याच्याकडे सेबन, स्मार्ट, फिशर, किफिन असे नावाजलेले कोच सगळे. त्याला बाजारातला प्रत्येक करार पाठ, कारण निम्मे त्यानेच केलेले. आणि पैसे डायरेक्टरच्या खिशातले नाहीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार. २०१७ मध्ये फिशरला ए अँड एममध्ये ७.५ कोटींच्या पूर्ण हमीवर आणणारा डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड. २०२१ मध्ये केलीला एलएसयूत ९.५ कोटींवर आणणाराही स्कॉट वुडवर्डच. केली गेल्यावर चार दिवसांत तोही गेला.

१ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी मर्यादा २.०५ कोटी. वाटलं होतं, आता तरी कोचच्या बायआउटला लगाम बसेल. फिशरचे पहिल्या ६० दिवसांतले पैसे जवळजवळ या पहिल्या वर्षाच्या मर्यादेएवढे होते, म्हणजे अख्ख्या विद्यापीठाच्या खेळाडूंचा वाटा. आणि त्याच मोसमात फ्रँकलिन, केली, स्टूप्स तिघेही गेले.

केलीच्या जागी एलएसयूने लेन किफिनला आणलं, सात वर्षं, ९.१ कोटी. तो ओल मिसला प्लेऑफच्या उंबरठ्यावर सोडून आला. मग एलएसयूने करारात लिहून दिलं की ओल मिसकडून प्लेऑफचे जे बोनस बुडतील ते आम्ही भरू. ओल मिसने टुलेनला हरवलं, जॉर्जियाला हरवलं, उपांत्य फेरीत मायामीकडून हरले. कोच एलएसयूचा, सामने ओल मिसचे, बोनस एलएसयूच्या खात्यातून, आणि त्याच खात्यावर केलीचंही देणं.