मावशीचा ठसा, फंडाची पेन्शन आणि "उद्या या"

"आजींच्या बोटांना ठसेच नाहीत, आम्ही काय करणार?"

आज दुपारी हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. ऑफिसला परत आले, कामात लक्ष लागेना. आता रात्री सगळं आवरून लिहायला बसलेय. लांबण लागेल, पण वाचा.

माझी मोठी मावशी विडी कामगार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या लोकांना यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून पत्र्याच्या मापाने कापलेली तेंदूची पानं. पान हातात घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक नखाने आत दुमडायचं. दिवसाला हजार विड्यांपर्यंत. मावशीने हे लग्नाआधीपासून गुडघे जाम होईपर्यंत केलं. त्यावर दोन मुली शिकवल्या, एका दिराचा संसार उभा केला. त्या कामाची फंडाची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची, पेन्शन तिला मिळते. किती? २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली, ती अजून तिथेच आहे. हजार रुपये. आपल्यातले कितीतरी जण एका जेवणाला एवढे घालवतात.

आणि ते हजार रुपये चालू राहावेत म्हणून वर्षातून एकदा मावशीने आधारशी जुळणारा बोटाचा ठसा देऊन "मी जिवंत आहे" असं मशीनला पटवून द्यायचं. हा हयातीचा दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते.

आज तिला घेऊन सेवा केंद्रात गेले. ती कुंभारीच्या घरकुलात राहते. तिथून रिक्षा बदलत बदलत यायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस जातो आणि कमरेची वाट लागते. केंद्रातला मुलगा चांगला होता हो, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने तिचा अंगठा मशीनच्या काचेवर ठेवला, दाबला, लाल दिवा, म्हणजे जुळला नाही. परत, लाल. मग तर्जनी. मग तो म्हणाला, "आजी, बोट केसांत फिरवा जरा, तेल लागू दे." मावशीने फिरवलं. लाल. बाहेर नळावर जाऊन धुवून आली, पदराला पुसलं. लाल. मागून एक बाई म्हणाल्या, व्हॅसलिन लावा, आमच्या सासूबाईंचं लागलं होतं. रांगेत कुणीतरी व्हॅसलिन काढून दिलंसुद्धा, कारण या रांगेत उभं राहणाऱ्यांच्या पिशवीत ते असतंच. तेही लावलं. काच चिकट झाली, त्या मुलाने शर्टाच्या बाहीने पुसली. लाल.

तिथून बँकेत. आणि बँकेत ते वाक्य.

मी मावशीचा हात माझ्या हातात घेऊन नीट बघितला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं टोकाला अक्षरशः चकचकीत आहेत. रेषा आहेत, पण उजेडात तिरपं धरलं तरच पुसट दिसतात. वाटून वाटून पाटा गुळगुळीत व्हावा तशी. पाट्याला निदान टाकी लावून घेता येते.

वयाने कातडी कोरडी पडते, ताण जातो, रेषा दबतात. त्यात जन्मभर पान, दोरा आणि तंबाखूची धूळ. गवंड्याच्या हाताखालच्या बायकांचं हेच, भांडी घासणाऱ्यांचं हेच, ऊसतोडीला जाणाऱ्यांचं हेच. म्हणजे ज्यांना रेशन, पेन्शन, निराधारचे पैसे सगळ्यात जास्त लागतात, नेमकी त्यांचीच बोटं मशीनला कळत नाहीत. माझा अंगठा फोनला झटक्यात कळतो, कारण मी आयुष्यभर पेन आणि कीबोर्ड सोडून काही हातात धरलेलं नाही. हे कुणालाच आधी सुचलं नसेल? देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिली गेली. तिथे समोर कोण होतं? शेतमजूर, आदिवासी बाया. ते हात बघितले नव्हते का कुणी?

तंत्रज्ञानावर बोलायला लागलं की दोन मिनिटांत कुणीतरी म्हणतं, "पण घोटाळे थांबले ना." बरं बाबा, मेलेल्यांच्या नावावर पेन्शनी उचलल्या जायच्या, बोगस रेशनकार्डं होती, हे खरं आहे. पण त्या चोरांचा बंदोबस्त करायचा म्हणून माझ्या मावशीने काचेवर बोट घासत उभं राहायचं, हा कुठला न्याय?

आणि "चेहऱ्याचं ॲप आलंय की, घरबसल्या दोन मिनिटांचं काम" हे आज आमच्या फॅमिली ग्रुपवर तिघांनी लिहिलं. तिघंही पुण्यात. सोय आली आहे, मान्य. जीवन प्रमाणला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन हयातीच्या दाखल्याला, चेहऱ्याने दाखला देण्याची सोय २०२१ च्या नोव्हेंबरात आली, फंडाच्या पेन्शनवाल्यांना २०२२ मध्ये. ज्यांना जमतं त्यांचं भलं झालंय. पण मावशीकडे बटणाचा फोन आहे. मग मी माझ्या फोनवर केलं. आधी दोन ॲप उतरवायची, मग ऑपरेटर म्हणून माझं आधार, माझा चेहरा. मग मावशीची पाळी. पापण्या मिटा, उघडा. मावशी घाबरून डोळे ताणून बसली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात पडदा आहे. घरात ट्यूबलाइट एक, तीही डोक्यामागे. बाहेर ओट्यावर आणलं तर ऊन. शेजारच्या तेलुगू बायका जमल्या, "आत्ता मिट, आत्ता उघड" म्हणून सगळ्या सांगायला लागल्या. नाही झालं. आधारवरचा तिचा फोटो भरलेल्या गालांचा आहे, आणि आज तुम्ही तिला बघाल तर तुम्हालाही ओळखायला एक क्षण लागेल.

हे लिहिताना राग कमी होतोय आणि दुसरंच काहीतरी दाटून येतंय.

नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग भरायचे, आठवतंय का कुणाला? रात्री, शाळेच्या वर्गात, दिवसभर विड्या वळून आलेल्या बायका पाटी घेऊन बसायच्या. मावशी त्यात होती. मी तेव्हा लहान, तिच्याबरोबर जायचे. तिला बाकी फार काही आलं नाही, पण सही आली. पूर्ण नाव, आडनावासकट, शेवटी एक रेघ. त्याआधी कारखान्यात मजुरी घेताना शाईचा अंगठा उठवायची. सही यायला लागल्यावर पहिल्यांदा पगाराच्या कागदावर सही केली, त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांना सांगत होती. शाईचं पॅड पुढे सरकवणाऱ्या माणसाला तिने म्हटलं होतं, "पेन द्या." हा किस्सा आमच्या घरात अजून निघतो.

आज बँकेत तिने स्वतःहून विचारलं, "साहेब, मी सही करते ना. चालत नाही का?"

साहेबांनी वरसुद्धा बघितलं नाही. "आजी, सहीचं आता काही नसतं."

मला तिथे बोलायला हवं ते बोलले. आवाज चढला. चढायलाच हवा होता. कारण मुद्दा सरळ आहे. ती बाई समोर उभी आहे. पासबुक तिच्या हातात, आधार तिच्या हातात, फोटो जुळतोय, त्याच शाखेत तिचं खातं कितीतरी वर्षं आहे आणि तिथला शिपाई तिला नावाने ओळखतो. मशीन एक सोडून सगळ्यांना ती जिवंत दिसतेय. मग मशीनचं खरं आणि या सगळ्यांचं खोटं, हे कुणी ठरवलं?

कागदी दाखल्याची सोय बंद झालेली नाही. ठसा उठत नसेल तर बुबुळ बघा, तेही जमलं नाही तर बँकेच्या अधिकाऱ्याने माणूस समोर बघून कागदावर सही करायची, असा मार्ग आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा म्हटलंय की ठसा जुळला नाही म्हणून हक्काच्या माणसाला लाभ नाकारता कामा नये. हे काउंटरवर सांगितलं तर उत्तर काय? "आमच्याकडे तसं काही आलेलं नाही. उद्या या, मॅनेजर असतील."

उद्या या! ती कुंभारीहून येते. तिला बसमध्ये चढता येत नाही. तिचा एक हेलपाटा म्हणजे रिक्षाचेच किती जातात, हजारातून तेवढे वजा करा. उद्याही बोट लाल आणि मॅनेजर मीटिंगमध्ये असतील तर?

केरळात कोट्टायम जिल्ह्यात एका बाईंना हाताला बोटंच नव्हती म्हणून आधार मिळत नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि आधारवाले त्यांच्या घरी गेले, काम झालं. चांगलंच झालं. पण त्या बाईंसाठी मंत्री लागला. पूर्व भागात एका गल्लीत ठसे गेलेल्या पाच-दहा बायका सहज निघतील. त्यांच्यासाठी कोण येणार?

काउंटरवरच्या माणसालाही वरून धाक असतो, हे मला कळतं. उद्या काही निघालं तर सही कुणाची, म्हणून तो हात आखडता घेतो. कळतं. पण त्याची भीती आणि मावशीची पेन्शन यात मी मावशीची बाजू घेणार.

माझं मागणं फार मोठं नाही. ठसा लागला नाही की त्याच खिडकीत, त्याच दिवशी, समोरच्या अधिकाऱ्याने माणूस बघून दाखला घ्यावा आणि पोच द्यावी. परत बोलावू नये. मशीनची अडचण असेल तर हेलपाटा मशीनवाल्यांचा, म्हाताऱ्या माणसाचा नाही. जिथे दाखले घेतात तिथे बुबुळाचं यंत्र असावं. आणि अंगठा लागत नसेल तर दहाही बोटं लावून बघावीत, कारण आधारला दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. आज त्या मुलाने तीन बोटांवर थांबवलं, मागे रांग होती म्हणून. डाव्या हाताची करंगळी मावशीने विड्या वळायला फारशी वापरली नाही, तिच्यावर रेषा स्पष्ट दिसतात. हे मला घरी आल्यावर दिसलं, तिचा हात बघत बसले होते तेव्हा.

सोमवारी आम्ही परत जातोय. आधी करंगळी लावू. नाही झालं तर कागदी दाखल्याचा अर्ज लिहून तयार आहे, दोन प्रतींत. एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलणार नाही. अर्ज मावशीच्या नावाने आहे आणि खाली सही तिची आहे.

तुमच्या घरी, शेजारी, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी असं कुणी असेल तर खाली लिहा. अर्जाचा मसुदा पाठवते, नाव आणि पेन्शन नंबर तेवढा बदला. सोलापुरातले कुणी सोमवारी सकाळी बरोबर येणार असाल तर मेसेज करा. दहा जणांनी एकदम अर्ज दिले तर "आमच्याकडे तसं काही आलेलं नाही" म्हणणं जरा अवघड जाईल. मावशीला घरून आणायला रिक्षा सांगितली आहे, त्यात अजून दोघींची जागा आहे.