विमानातून विष फवारतात म्हणे

"आकाशातल्या विमानांमागच्या लांब पांढऱ्या रेघा म्हणजे केमट्रेल, मुद्दाम फवारलेली रसायनं. खरी वाफ मिनिटात विरते, तासन्तास टिकतं ते ॲल्युमिनियम आणि बेरियम. म्हणूनच सगळ्यांना खोकला." हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, पण आता तो माझ्या मावशीकडे पोचलाय. तिला दमा आहे, आणि ती विचारतेय की दोष वरून पडणाऱ्या विषाचा असेल तर इनहेलर कशाला घ्यायचा. नाहीतर असल्या मेसेजला मी उत्तर देत बसत नाही.

आधी खोकल्याचंच बघू. प्रवासी विमान उडतं साधारण 10-12 किलोमीटरवरून. 10 मायक्रॉनचा कण, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक, अगदी शांत हवेत तेवढ्या उंचीवरून खाली यायलाच महिनाभर घेतो, त्याहून बारीक असला तर वर्षं लागतात, आणि वर हवा शांत नसतेच, ताशी 100 किलोमीटरचे वारे तिथे नेहमीचे. त्यामुळे सकाळी डोक्यावर रेघ दिसली आणि संध्याकाळी छाती भरली, याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लोकांना आजारीच पाडायचं असतं तर इतक्या वरून कोण फवारेल? शेतावर फवारणी करणारं विमान बघा किती खालून जातं. इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, विषय संपला.

आता "खरी वाफ मिनिटात विरते". कधी विरते, कधी नाही! एक किलो विमानाचं इंधन जळलं की सव्वा किलो पाणी तयार होतं. बाहेर उणे 40 अंश किंवा त्याहून थंड, त्यामुळे त्या वाफेचे लगेच बर्फाचे कण होतात. आजूबाजूची हवा कोरडी असली तर ते उडून जातात, पण हवेत आधीच भरपूर बाष्प असलं तर उलट वाढतात आणि पसरून ढगासारखे दिसतात. हे दमट थर बऱ्याचदा काहीशे मीटरच जाड असतात, म्हणून एकाच वेळी एक विमान रेघ सोडतं आणि थोडं वरून जाणारं सोडत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांचे फोटो काढून बघा, आकाशभर रेघा.

असल्या मेसेजमध्ये आणखी पुरावे देतात. मातीत ॲल्युमिनियम सापडलं? सापडणारच, पृथ्वीच्या कवचाचा 8 टक्के भाग तोच आहे. विमानात रांगेने ठेवलेल्या पिंपांचा फोटो? चाचणी उड्डाणात प्रवाशांच्या वजनाऐवजी ठेवलेलं पाणी.

"सगळे शास्त्रज्ञ गप्प आहेत" असंही म्हणतात, तेही खोटं. 2016 मध्ये या विषयातल्या 77 तज्ज्ञांना थेट विचारलं होतं, गुप्त फवारणीचा पुरावा दिसलाय का. 76 जण नाही म्हणाले. उरलेल्या एकाने काय सांगितलं, तर एका दुर्गम भागात हवेत बेरियम अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं. बस.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजाने. या रेघा निरुपद्रवी नाहीत. त्यांचे ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात, रात्री जास्तच, आणि 2021 च्या एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजाने विमानवाहतुकीच्या तापमानवाढीत त्यांचा वाटा विमानांच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही मोठा असू शकतो (आकड्यांत अनिश्चितता बरीच आहे). पण हे गुपित नाहीये, यावर उघड प्रयोग चालू आहेत: 2023 मध्ये गुगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने 70 उड्डाणांत पायलटना ते दमट थर टाळायला सांगितले, आणि रेघा 54 टक्क्यांनी कमी झाल्या.